निळ्या बर्फाचं चित्र

अण्णा अमेरिकेत आले ते एक चित्र बघायला. मला भेटायला आले, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण त्यात माझं मन राखण्यापलीकडे फारसं तथ्य नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या शाळेत आयुष्यभर ड्रॉइंग मास्तर होते. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना एक पोस्टकार्ड पाठवलं होतं, मी राहायचो त्या ईडन प्रेरीपासून दोन तासांवरच्या एका गावातल्या कलासंग्रहालयातलं. बर्फात उभं लाल कोठार आणि बादली घेऊन निघालेला माणूस. काउंटरवर तेच सगळ्यांत वर होतं म्हणून मी ते उचललं. चित्राकडे बघितलंही नव्हतं. अण्णांनी त्याच्या अकरा नकला केल्या. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं, ‘बर्फातला निळा जमत नाही. मूळ चित्र बघितल्याशिवाय कळणार नाही.’

सहा आठवड्यांसाठी आले. विमानतळावरच विचारलं, “कधी जायचं?”

“जाऊ की अण्णा. ते काय पळून जातंय?”

त्या काळी, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, आमच्या मंडळींत एक रीत होती. कुणाचेही आईवडील आले की प्रत्येक मराठी घरानं त्यांना एकदा जेवायला बोलवायचंच. शनिवारी एकाकडे, रविवारी दुसऱ्याकडे. नाही म्हटलं की लोक वर्षभर लक्षात ठेवायचे, आणि मी तर कुणालाच नाही म्हणू शकत नसे. बायकोच्या मते माझा तो एकमेव टिकाऊ गुण. तर पाच शनिवार-रविवार अण्णा सोफ्यांवर बसून इतरांच्या नायगाऱ्याच्या स्लाइड्स बघत होते आणि “छान, छान” म्हणत होते.

तिसऱ्या शनिवारी एका डॉक्टरांकडे होतो. डोळ्यांचे डॉक्टर. अण्णांनी दही समजून भातावर श्रीखंड घेतलं. सगळे हसले, डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं. अण्णांनी ते कालवून संपवलं. गाडीत मी त्यांना म्हणालो, “जरा बघून वाढून घेत जा हो. चार लोकांत...”

“बरं,” ते म्हणाले.

शेवटच्या रविवारी गेलो. मंगळवारचं विमान होतं. अण्णांनी इस्त्रीचा कोट घातला, वर माझं ढगळ जॅकेट. संग्रहालयात रखवालदाराशिवाय कुणी नव्हतं. अण्णांनी सोबत आणलेलं पोस्टकार्ड मी त्याला दाखवलं. त्यानं आतल्या दालनाकडे हात केला, डावीकडची भिंत.

डावीकडच्या भिंतीवर काळ्या कोटातला एक जाडजूड गृहस्थ टांगलेला होता. कोठार नाही, बर्फ नाही, बादली नाही. बाजूला छोटी चिठ्ठी होती: कोठाराचं चित्र वसंत ऋतूपर्यंत दुसऱ्या गावी प्रदर्शनाला गेलंय.

मी ते सांगायला वळलो. अण्णा त्या गृहस्थासमोर हात मागे बांधून उभे होते.

“बघ,” ते म्हणाले, “बर्फ पांढरा नसतोच. सावलीत निळा दिलाय. मी उगाच छपाईला दोष देत होतो.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत त्यांच्याकडे.

“हो, अण्णा,” मी म्हणालो. “अगदी निळा.”

दहा मिनिटं ते बोलत होते. कोठाराच्या लालबद्दल, माणसाच्या वाकलेल्या खांद्याबद्दल. मी हो हो करत होतो. मग आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“चित्र तिथं नव्हतं ना?” अण्णांनी विचारलं.

“तुम्हाला...”

“मधलं काही दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. कडेला पांढरं काहीच नव्हतं. शिवाय तू लगेच हो म्हणालास. चित्राबाबत तू जन्मात माझं ऐकलेलं नाहीस.”

“मग बोलत का राहिलात?”

“एवढ्या लांब गाडी हाकत आणलंस मला.”

“आल्या आल्या का नाही सांगितलंत?”

“तू डॉक्टरांच्या चकरा सुरू केल्या असत्यास. चित्र राहिलं असतं.”

काच धुरकटली होती. मी ती हातानं पुसत बसलो. गाडी उभी होती, तरी.

“तिथं काय होतं?” त्यांनी विचारलं.

“एक माणूस. जाडा.”

“हात कुठं होते?”

मला आठवेना. दहा मिनिटं त्याच्यासमोर उभा होतो.

“बघत कुठं होता?”

“माहीत नाही, अण्णा.”

“जा,” ते म्हणाले, वर्गात म्हणायचे तसंच. “परत बघून ये.”

मी गेलो. बंद व्हायची वेळ झाली होती; रखवालदार घड्याळाकडे बघत होता. परत येऊन सांगितलं: डावा हात खुर्चीच्या पाठीवर, उजवा खिशात. नखं मळकी. बघतोय आपल्याकडे नाही, बाजूला, बहुतेक दाराकडे.

“कोट नुसता काळा?”

“नाही. कोपराशी हिरवट आहे.”

“हं. जुना असणार.” अण्णांनी डोळे मिटले. “चल आता.”

सोमवारी मी त्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ डोळ्यांत उजेड धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “काका, त्या शनिवारी जरी बोलला असतात तरी...” वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

अण्णांनी त्यांच्या घरच्या श्रीखंडाची तारीफ केली.