म्हशीसकट फोटो

"फोटो झकास आहे," राजाराम म्हणाला, "फक्त ती म्हैस तेवढी काढून टाकू. आपला फोटोवाला नुसता चेहरा मोठा करून देतो."

आमच्या दारात बसून, आमचा चहा पीत हा मला सांगत होता. राजाराम म्हणजे आमच्या करी रोडच्या चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. परवा एक मे. मुंबईसकट महाराष्ट्र होणार, म्हणून पटांगणात मांडव घातला होता आणि त्यात चाळीतल्या लढलेल्या माणसांचे फोटो लागणार होते. एक माझ्या बापाचा, कोंडीरामाचा. गेल्या श्रावणात तो वारला. फोटोखाली काय लिहायचं ते राजारामनं कागदावर आणलंच होतं : पोलिसांच्या लाठीनं हात गमावला.

"पोलिसांच्या?" मी विचारलं.

तो बशीत बघायला लागला. "शांताताई, आता ते जुनं कशाला उकरायचं?"

जुनं म्हणे. चार वर्षं झाली फक्त. याला जुनं वाटतं, कारण याचे दोन्ही अंगठे जागच्या जागी आहेत.

माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, माणदेशातून आला आणि गिरणीत चिकटला. दोन वर्षं काढली आणि एक दिवस पक्की नोकरी सोडून पुलापलीकडच्या तबेल्यात म्हशींच्या धारा काढायला लागला. अख्खी चाळ हसली. लोक गोठा सोडून गिरणीत येतात, हा येडा गिरणी सोडून गोठ्यात गेला. माझी आई, कमळाबाई, महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. तो एवढंच म्हणाला, "गिरणीतल्या साच्याला कितीही तेल पाजा, तो मान वळवून बघतो का?"

मेहनत म्हणाल तर बैलाची. पहाटे पंधरा म्हशी पिळायच्या, दुपारी परत त्याच पंधरा, मधे शेण ओढायचं, वैरण तोडायची, हौदावर न्यायचं. सुट्टी हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. मी टायफॉइडनं पडले होते तेव्हासुद्धा दुपारची धार चुकली नाही. घरात चार शब्द बोलायचा नाही आणि तबेल्यात पाय टाकला की गप्पांना खळ नसायचा. शाळेत पोरी माझ्या फ्रॉकला येणाऱ्या शेणाच्या वासावर नाक धरायच्या. मला बापाची लाज वाटायची आणि त्या म्हशींचा राग यायचा.

सगळ्यात जास्त राग चांदीचा. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती आबाशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. एका पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवली होती, मालकानं फोटोवाला बोलावला होता, तेव्हा आबा तिच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. जन्मात काढलेला एकच फोटो. माझ्याबरोबरचा एकही नाही.

मग छप्पनच्या जानेवारीतला हरताळ आला. सगळं बंद. आबाही सभांना जायचा, मुंबई आपलीच म्हणायचा. पण दुपार झाली तशी त्यानं बादली उचलली. चाळीच्या फाटकात हरताळवाली पोरं बसली होती, राजाराम पुढं, हातात झेंड्याची काठी. मी वर गॅलरीत उभी होते.

"कोंडीरामकाका, आज काम बंद," राजाराम म्हणाला.

"माझंही बंदच आहे रे. दूध विकणार नाही, गटारात सोडतो. पण पिळलं नाही तर कास सुजते. जनावराला कुठं कळतो हरताळ?"

"मालक गुजराती आहे तो."

"मालक असेल. म्हैस कुठली गुजराती?"

कुणीतरी हसलं. ते हसू राजारामला लागलं. त्यानं काठी उगारली, आबानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि काठी अंगठ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

इस्पितळात हवालदार विचारायला आला. त्या दिवसांत पोलीस पोरांना काहीही निमित्त काढून उचलत होते. आबा म्हणाला, "म्हशीनं लाथ मारली." कुठल्या म्हशीनं, तर म्हणाला, "चांदीनं." तसं लिहून घेतलं गेलं.

घरी आल्यावर मी भांडले त्याच्याशी. "राजाराम तुझा कोण लागतो?"

"त्याला म्हातारी आई आहे," तो म्हणाला. "आणि चांदी घरची. आळ घरच्यावरच घालता येतो, पोरी."

पण ती गोष्ट मालकाच्या कानावर गेली. लाथाड म्हैस, त्यात आबाचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून ती दुसऱ्या कुणाला दूध देईना. महिनाभरात आटली. मालकानं कसायाशी सौदा केला. आबा धावत गेला, ती लाथ मारत नाही म्हणून त्यानं शपथा घेतल्या. मालक म्हणाला, "मग हात कुणी मोडला ते पोलिसांना सांग. मी तिला ठेवतो."

एक नाव. एक नाव घेतलं असतं तर म्हैस वाचली असती. माझा बाप मान खाली घालून उभा राहिला.

ट्रकवर चढवायची वेळ आली तेव्हा ती कुणाच्यानं हलेना. शेवटी आबानंच डाव्या हातानं दावं धरलं. त्याच्यामागं ती गुमान चालत गेली. त्यानंतर तबेल्यात त्याला झाडू मिळाला, आणि मरेपर्यंत तो झाडतच राहिला. अंगठा कधी वळला नाही. मला त्याचाही राग आहे, अजून आहे. एवढं भलं माणसानं असू नये.

हे सगळं मी राजारामला सांगितलं. चहा गार झाला होता. म्हशीचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड उतरलं, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मग काय करू?" त्यानं विचारलं.

"फोटो म्हशीसकट लागेल. खाली लिहायचं ते तुझं तू ठरव."

एक मेला मांडवात फोटो लागला. ओळीनं टोप्या, कोट, गंभीर चेहरे, आणि मधेच रंगवलेल्या शिंगांची म्हैस. खाली नुसतं कोंडीरामचं नाव. लोक खिदळायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या राधाबाई म्हणाल्या, "अहो सेक्रेटरी, ही कोण? हिनं कुठला मोर्चा काढला?"

राजारामच्या हातात लाऊडस्पीकरचा माईक होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही. त्यानं माईक खाली केला आणि पुटपुटला, "हिनं लाथ मारली नव्हती. काकांचा हात मी मोडला."

पुढच्या दोन रांगांचं हसू थांबलं. मागं लोक तसेच खिदळत होते. तो खाली बसायला निघाला.

"माईकवर सांग," मी म्हणाले. "मागं ऐकू आलं नाही."