उलटं मावंदं

काशीला जाऊन आलेला माणूस गावाला जेवायला घालतो, त्याला आमच्याकडे मावंदं म्हणतात. पुरणपोळी असते, आणलेल्या गंगेची पूजा असते आणि निघताना प्रत्येकाच्या तळहातावर ते पाणी पडतं. हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी येत नाही. मी तो एकदा वापरला आणि पुढे चार वर्षं, तो वापरणारी मी होते हे सांगितलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. तिथली माझी एकुलती एक मैत्रीण म्हणजे खेळाच्या मॅडम. मूळची आष्ट्याची, घरी ऊस, भाऊ फौजेत. मी तिला 'पीटी' म्हणायचे, ती मला 'लायब्ररी'. कबड्डी शिकवतानाही तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या असायच्या. त्यांच्यावर रुमाल बांधून ती मैदानात उतरायची. काढून ठेव की, असं मी म्हटलं तर म्हणायची, "आईनं घातल्यात. आता हातच काढाय लागंल."

एका दुपारी ती घामेजलेली लायब्ररीत आली आणि तिनं देवघेवीच्या टेबलावर एक छापील कागद ठेवला. आफ्रिकेत एक डोंगर आहे, म्हणाली. परदेशातली एक संस्था निरनिराळ्या देशांतली माणसं तिथं चढायला नेते. चढणाऱ्यानं आपापल्या ओळखीच्या माणसांकडून देणगी जमवायची. ठरलेली रक्कम जमली तरच जायला मिळतं. हिच्या नावानं जमलेल्या पैशातून आपल्या भागात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होणार होत्या.

"म्हणजे तू चढायचं आणि दिसायला दुसऱ्याला लागायचं?" मी विचारलं.

"व्हय. ह्याला स्पॉन्सर म्हंत्यात. कागद तुझ्याकडं ठेव. सगळा स्टाफ पुस्तकं घ्यायला येतोय, येईल त्याच्या म्होरं सरकव. आणि पयली सही तुझी."

"करते," मी म्हटलं. केली नाही. कागद हजेरीच्या वहीखाली ठेवला.

मी चौकस आहे, ग्रंथपालाला ते शोभतंही. पण माझी चौकशी नेहमी आडवाटेनं जाते. पुढचे आठ-दहा दिवस माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: आपण दिलेल्या पैशातलं डोळ्यांना किती जाणार आणि विमानाला किती? डोळे इथे, डॉक्टर इथे, म्हातारी माणसं इथे. मग मधे आफ्रिका कशाला? मी प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या सांगलीतल्या एकाला आफ्रिकेचं भाडं विचारलं. फिजिक्सच्या सरांना विचारलं. दिल्लीला असणाऱ्या मावसभावाला फोन करून विचारलं. जिचा कागद होता तिला विचारलं नाही. मैत्रिणीला हिशेब कसा विचारायचा, अशी मी माझी समजूत घातली होती.

त्याच सुमारास एका रविवारी ती माझ्याबरोबर साताऱ्याला आली. माझं माहेर तिथलं. तिला सरावासाठी अजिंक्यतारा चढायचा होता. पहाटेपासून ती पाठीवरच्या पिशवीत दोन विटा घालून तीन वेळा वर-खाली करून आली आणि माझ्या आईसमोर पाटावर जेवायला बसली. आईनं सगळं ऐकून घेतलं. डोंगर, आफ्रिका, मोतीबिंदू. मग उठून फडताळातून एक रुपयाचं नाणं आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"हे तिथं वर ठेव. माझ्या नावानं."

"आवं काकू, तिथं देव न्हाई. नुसता बरफ हाय."

"बर्फावर ठेव. काशीला निघालेल्याजवळ आम्ही असंच देत होतो, गंगेत टाकायला. आपले पाय जात नाहीत, म्हणून पैसा जातो."

"आई, ती यात्रेला नाही चाललेली," मी म्हटलं.

आई म्हणाली, "तू गप बस. तुझ्याकडे तिनं मागितलंय तरी तू दिलेलं दिसत नाही."

तिला हे कसं कळलं, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये चहा चालला होता. पीटी मैदानावर होती. फिजिक्सचे सर म्हणाले, "काय ग्रंथपाल, तुमच्या मैत्रिणीनं विमानात बसायचं आणि तिकीट आपण काढायचं, असं आहे काय ते?"

मी बोलायला नको होतं. एरवी मी स्टाफरूममध्ये बोलतही नाही. पण आदल्या दिवशीचा आईचा शब्द टोचत होता, आणि 'यात्रा' डोक्यात घोळत होतीच. मी म्हटलं, "काशीला गेलेला माणूस आल्यावर गावाला जेवायला घालतो. हे उलटं मावंदं आहे. आधी गावानं वाढायचं, मग हिनं जायचं."

सगळे हसले. इतके हसले की फिजिक्सच्या सरांच्या बशीतला चहा सांडला. माझ्या बोलण्यावर स्टाफरूम हसल्याची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

दोन दिवसांत तो शब्द शिपायापर्यंत पोचला. लायब्ररीत कुणी आलं आणि मी कागद काढला की समोरचा आधीच हसायचा. "उलट्या मावंद्याचं आमंत्रण काय? बघू, पगार झाल्यावर." कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणायची गरजच उरली नव्हती. कागदावर शेवटपर्यंत सात सह्या झाल्या, त्यातली एक माझी, सगळ्यांत खालची.

पीटीनं कागद परत न्यायला हात पुढे केला. सह्यांवरून नजर फिरवली आणि एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बघती मी."

ती कागद उलटा करून घडी घालत होती तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मागच्या बाजूलाही छापलेलं आहे. तिच्या हातून घेऊन, चष्मा लावून वाचलं. 'प्रवासाचा सर्व खर्च सहभागी व्यक्तीने स्वतः करावयाचा आहे. जमा झालेली संपूर्ण रक्कम शस्त्रक्रियांसाठी वापरली जाईल.' जन्मभर पानं उलटण्यात गेलेल्या बाईनं तो कागद तीन आठवडे एकदाही उलटून पाहिला नव्हता. ते वाचूनही मी काही बोलले नाही. स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलंही नाही. माझं कुठं चुकलं हे सांगायचं, तर आधी ते मी बोलले होते हे मान्य करावं लागलं असतं.

ती गेली. कशी गेली, हे मला महिन्याभरानं आष्ट्याला कळलं. सगळ्या स्टाफला तिनं घरी जेवायला बोलावलं होतं. अंगणात पंगत, पुरणपोळी, कटाची आमटी. एका पितळी तांब्याला हळदकुंकू लावून पाटावर ठेवलेलं. तांब्यात डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी. औषधाच्या बाटलीतून तिनं ते आणलं होतं आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पळी-पळी घालत होती. पोळी वाढायला ती माझ्यासमोर वाकली, तेव्हा तिच्या हातात पाटल्यांच्या जागी नुसत्या हिरव्या बांगड्या होत्या.

"पोटभर जेव, लायब्ररी," ती म्हणाली. "झालं का मावंदं सुलटं?"

फिजिक्सच्या सरांनी मान खाली घातली. मी पोळीवर तूप मागितलं. काहीतरी मागायचं म्हणून.

आईच्या नाण्याचं तिनं आपण होऊन सांगितलं. "काकूंना सांग, टोकाला न्हाई पोचली मी. निम्म्यावर दम लागला, ओकाय लागली, खाली आणली त्यांनी. तितंच एका दगडाखाली ठिवला रुपया." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "निम्म्यापर्यंत तर गेले मी."

पुढे माधवनगरला शिबिर झालं. मी मुद्दाम गेले, कुणाला न सांगता. मिलमधून निवृत्त झालेली म्हातारी माणसं डोळ्यांवर हिरवी फडकी बांधून ओळीनं बसली होती. त्यातल्या एकांना मी विचारलं, पैसे कुठून आले माहीत आहे का?

"कोण बाई डोंगर चढली म्हनं," ते म्हणाले. "आमच्या डोळ्यापायी तिनं डोंगर कशाला चढायचा, ते काय उमगंना. पण परवाच्याला फडकं वर केलं, तर ह्या डोळ्यानं नातीचं त्वांड दिसलं."

म्हणजे माझा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांनाही तोच पडला होता. फरक एवढाच की त्यांनी तो तोंडावर विचारला असता. आणि माझ्या प्रश्नाखाली दुसरंच काहीतरी होतं, हे मला त्या ओळीसमोर उभं असताना कळलं. 'न्हाई', 'व्हय' करणारी आष्ट्याची बाई विमानात बसणार आणि जगातल्या डोंगरांची पुस्तकं सांभाळणारी मी साताऱ्याच्या एसटीपलीकडे जाणार नाही, हे मला सोसत नव्हतं. तत्त्व वगैरे नंतर आलं.

गेल्या सोमवारी पीटीनं पुन्हा एक छापील कागद देवघेवीच्या टेबलावर ठेवला. तोच डोंगर. या खेपेला कानानं ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. मी आधी कागद उलटला, मागचं वाचलं. मग म्हटलं, "ते उलटं मावंदं मी म्हटलं होतं."

"ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? त्या स्टाफरूममधी मावंदं हा शबूद दुसऱ्या कुणाला येतोय? बाकीचे पार्टी म्हंत्यात."

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कवा बोलतीस ते बघत हुती."

मी म्हटलं, "तेव्हा विचारायचं होतं ते आता विचारते. इथंच बसून पैसे का नाही जमवत तू? डोंगर कशाला?"

ती समोरच्या खुर्चीवर बसली. हिरव्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या. "इथं बसून मागितलं असतं तर तू दिलं असतंस?" मी पेनचं टोपण काढलं. "आणि खरं सांगू? मला डोंगर बघायचा हुता. डोळं बी खरं आणि डोंगर बी खरा. ह्यातलं एक खोटं आसंल तर सही करू नगं."

मी पहिल्या ओळीवर सही केली आणि आकडा लिहिला. मग पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून कागदावर ठेवलं.

"ह्यो कशापायी? आकडा लिवलास की."

"तो मुलांचा. हा माझा. वर ठेव."

"आणि निम्म्यातच दम लागला तर?"

"तर निम्म्यात ठेव."