वहिनीने आणलेली पिठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते — त्याला ठाऊक असेलच, मग पुन्हा कशाला, अशी स्वतःची समजूत काढते. आज तुम्हांला सांगायचं ठरवलं आणि मघापासून मी स्वयंपाकघरातले धुतलेलेच डबे पुन्हा पुसत बसले आहे.

तुमच्यापैकी काहींनी माझं लिखाण वाचलं असेल. एका पुरवणीत मी खाण्यावर लिहिते. हॉटेलांवर नाही — ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, अशा पदार्थांवर. फणसाच्या आठळ्या, अळूची देठी, दुधीच्या सालीची चटणी, उकड्या तांदळाची पेज. मी त्यांची बाजू घेते, त्यांच्यासाठी भांडते म्हणा ना. दादरच्या मार्केटात एखादी बाई हात धरून थांबवते आणि सांगते, तुमचं वाचून परवा देठी केली हो, सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली. मला बरं वाटतं. फार बरं वाटतं.

त्या सगळ्यांत गाजला तो कुळथाच्या पिठीवरचा लेख. आता ज्यांना पिठी माहीत नाही त्यांना काय सांगू? कुळीथ भाजायचे, भरडायचे, सालं पाखडून टाकायची आणि दळून आणायचे. तेलात लसूण ठेचून घालायचा, मिरची घालायची, पाणी, दोन आमसुलं. मग पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू ओतायचं आणि ढवळत राहायचं. झाली पिठी. दिसायला? पावसाळ्यातल्या रस्त्यावरच्या पाण्यासारखी. फोटो काढावा असं तिच्यात काही नाही. पण गरम भातावर घेतली की सगळ्या अंगाला बरं वाटतं, तापातून उठलेल्या माणसालासुद्धा.

तिची एक खोड आहे. ती थांबत नाही. खाली उतरवली की लगेच घट्ट होत जाते, साय धरते, आणि थोड्या वेळाने तिचा नुसता गोळा होतो. म्हणून आमच्या लालबागच्या खोलीत आई आधी सगळ्यांना पानावर बसवायची आणि मगच पीठ ओतायची. आणखी एक — पाहुण्याला पिठी कधी वाढत नाहीत. घरात भाजी नाही, मासळी नाही, महिनाअखेर आहे, कुणाला बरं नाही, अशा दिवसांची ती. पाहुणा आला की तिच्यावर झाकण.

गिरणीचा संप झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबा घरी बसलेले. त्या काळात आम्ही किती पिठी खाल्ली! सकाळी पिठी, रात्री पिठी. माझ्या वर्गातली माटुंग्याची मैत्रीण एकदा न सांगता घरी आली. आई म्हणाली बस जेवायला, आणि मी ताट पुढे यायच्या आत तिला घेऊन गॅलरीत गेले, खाली गेले, थेट नाक्यापर्यंत गेले. तिने काय बघितलं असतं? भात आणि पिठी. त्यात लाजण्यासारखं काय होतं? आज मी लेख लिहून विचारते, काय होतं? तेव्हा मात्र मला वाटलं होतं की त्या ताटात आमचं सगळंच दिसतं.

त्या लेखाच्या शेवटी मी आईच्या अखेरच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. ती माझ्या घरी होती, तिने पिठी मागितली, आणि मी तिला चमच्याचमच्याने भरवली. ते वाचून लोक रडले, पत्रं आली.

ते खोटं आहे.

पण थांबा — तेवढंच असतं तर मी डबे पुसत बसले नसते. लिहिणारी माणसं थोडं मीठमसाला लावतातच, असं म्हणून तुम्हीही सोडून दिलं असतंत. मला सांगायचंय ते त्याच्या मागचं आहे.

आई चाळीच्या जिन्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पण तिला तिसऱ्या मजल्यावर न्यायचं कसं, आणि तिथे संडास गॅलरीच्या टोकाला. माझ्याकडे दादरला लिफ्ट होती, आतल्या खोलीला लागून बाथरूम होतं. मी म्हटलं, माझ्याकडे आणा. दादाचे डोळे भरून आले. वहिनीने आईच्या चार साड्या, तिची फणी, तिची दातवणाची डबी अशी पिशवी भरून दिली. ही माझी वहिनी, सुलभा. लग्न होऊन आली तेव्हापासून आईबरोबर त्याच एका खोलीत राहिलेली. दोघी भांडायच्या, अबोला धरायच्या आणि अबोल्यातही एकमेकींना चहा द्यायच्या.

मी आईचं केलं. औषधं, पुसणं, सगळं केलं — तेवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते आणि लगेच खोडतेही, कारण त्याने काही फिटत नाही. आईला जेवण जाईना. एकदा म्हणाली, ‘माका वायच पिठी व्हयी गो.’ मी म्हटलं, उद्या करते. दुसऱ्या दिवशी सूप दिलं. तिने पुन्हा मागितली. मी पुन्हा उद्यावर टाकली. का? कुळथाचं पीठ तर दादरला कुठल्याही दुकानात मिळतं. पण माझ्या त्या घरात लग्नापासून पिठी कधी झालीच नव्हती. मी ती होऊ दिली नव्हती. सासरी कुणी कधी नावं ठेवली होती का? नाही. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मीच आपली त्या घराला लालबागचा वास लागू देत नव्हते.

शेवटी आईने माझा नाद सोडला आणि वहिनीला फोन लावायला सांगितला. वहिनी म्हणाली, रविवारी घेऊन येते.

त्याच रविवारी माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्याकडे यायची होती. पुण्याची माणसं. मुलांचं मुलांनी ठरवलेलं होतं, आम्ही फक्त भेटायचं होतं. तरी मी पडदे बदलले, ठेवणीतल्या बशा काढल्या. आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं — तिला झोप लागावी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. वहिनीला फोन करून वेळ बदलून घ्यावी, हे मला सुचलं नाही असं म्हणू? सुचलं होतं. पण मग पाहुणे येणार आहेत हे सांगावं लागलं असतं, आणि वहिनीला का बोलावलं नाही हेही.

पाहुणे बसले होते, पोहे होऊन चहा चालला होता, आणि बेल वाजली. मी धावत जाऊन दार उघडलं. वहिनी. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, छातीशी टॉवेलात गुंडाळलेला डबा. लालबागहून टॅक्सी केली होती तिने. स्वतःसाठी जन्मात कधी टॅक्सी न केलेल्या बाईने. ‘गरम आहे तोवर दे गं त्यांना,’ ती म्हणाली, ‘ऐकत नाय ही पिठी, लगेच बसते.’ आणि चप्पल काढायला वाकली.

मी दारातच उभी राहिले. हलले नाही. म्हटलं, आईला आत्ताच डोळा लागलाय, आणि घरात जरा माणसं आहेत. तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. तिला बशा दिसल्या असतील, साड्या दिसल्या असतील. तिने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. ‘बरं,’ म्हणाली, ‘उठल्या की दे.’ लिफ्ट वर यायची वाटही न बघता ती जिन्याने उतरली.

मी डबा ओट्यावर ठेवला. झाकण नीट बसलं नव्हतं की काय कोण जाणे, लसणाच्या फोडणीचा वास घरभर झाला. बाहेरून माझ्या होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, ‘काय छान वास येतोय हो!’ छान म्हणाल्या. मी ऐकलं ते. आणि तरीही म्हणाले, खालच्या मजल्यावरून येत असेल.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. तिलाही वास गेला होता. ‘सुलभा इली काय गो? पिठी इली?’ मोठ्याने, चाळीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशी. बाहेरचं बोलणं थांबलं. मी आत गेले, दार लावून घेतलं, आणि म्हटलं — नाही गं आई. वहिनी आलीच नाही. शेजारच्यांकडचा वास आहे.

ती उशीवरून मान उचलून बघत होती. तिने मान खाली टेकवली.

एकदा हे बोलून बसल्यावर तो डबा घरात असून कसा चालेल? मी स्वयंपाकघरात आले, नळ सोडला आणि पिठी सिंकमध्ये ओतली. ती बसत आली होती, पटकन जाईना. मी बोटांनी लोटली. अजून चांगली गरम होती. मग डबा साबणाने घासला, त्याचा वास जावा म्हणून दोनदा घासला, आणि पदर नीट करून बाहेर जाऊन आणखी चहा हवा का विचारलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मला करता आली असती. तेव्हा तर मला कोण बघत होतं? पण मी दमले होते, आणि सगळं चांगलं पार पडलं म्हणून खूश होते. हो, त्या संध्याकाळी मी खूश होते. आईला मऊ भात आणि वरण नेलं. तिने दोन घास घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आसांदे. तिका सवड गावली नसात.’ वहिनीवर रागावली असती तर मी कदाचित खरं बोलले असते. कदाचित. पण ती रागावली नाही, तिला नुसतं वाईट वाटलं, आणि तिने ते गिळलं. मी ताट उचलून आले.

त्याच आठवड्यात आईला ताप भरला. छाती भरली, हॉस्पिटल, नाकात नळी. तोंडाने काही द्यायचं नाही, म्हणाले. ती गेली. वहिनी हॉस्पिटलात रोज यायची, तिचे पाय चेपायची. आईला तेव्हा कोण आलंय हे कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. वहिनीने एवढ्याशा आवाजात मला विचारलं होतं, ‘खाल्ली का गं त्यांनी पिठी?’ मी म्हटलं, हो. सगळी. बोटं चाटून.

दिवसकार्य झाल्यावर मी तिचा डबा तिला परत दिला.

पुढे लेकीचं लग्न झालं. विहीणबाई मनाने मोकळ्या निघाल्या. माझा तो लेख आला तेव्हा त्यांनी हौसेने पिठी करायला लावली, दोनदा घेतली आणि म्हणाल्या, इतकी वर्षं हे आम्हांला का नाही खायला घातलंत? सगळे हसले. मीही हसले. कुळथाची पिठी आता माझ्या नावावर जमा आहे, लोक मला तिच्याबद्दल बोलायला बोलावतात. आणि बोलताना मला खरोखर भरून येतं, ते नाटक नसतं. ऐकणाऱ्यांना मात्र वाटतं, ते आईच्या आठवणीने.

वहिनीनेही लेख वाचला. दादाकडून मोठ्याने वाचून घेतला. मग मला फोन केला. मी पिठी भरवली असं लिहिलं होतं, ती कुणी करून आणली ते लिहिलंच नव्हतं. ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, ‘छान लिहिलंस. माझ्या हातचं खाऊन गेल्या त्या, माझं नशीब.’ चाळीच्या जागी टॉवर झालाय, ती आता बाविसाव्या मजल्यावर राहते, आणि तिथल्या नव्या शेजारणींनाही ती हे सांगते. माझ्यासमोर सांगते. मी मान डोलावते.

ती माझं सगळं वाचते. हेही वाचेल. याने तिच्याजवळचं एकुलतं समाधान जाईल हे मला कळतं. न सांगता राहिले तर आई तिच्यावर खट्टू होऊन गेली हे माझ्यापाशीच राहील, आणि ते ठेवून घ्यायचा मला काही हक्क नाही. कुठलं जास्त वाईट, हे ठरवत मी इतकी वर्षं घालवली. तिने माझ्याशी बोलावं, न बोलावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

वहिनी, आईने तुझी पिठी खाल्ली नाही. तिला ती मिळालीच नाही. ती तुझी वाट बघत होती आणि तू आली होतीस, गरम डबा छातीशी धरून. दारात मी उभी होते.