समद्यांचं एकदम

एन्टर दाबायच्या आधी ती दोन्ही हात की-बोर्डवरून उचलायची, तळवे ओढणीला पुसायची आणि मधल्या बोटानं एकदाच टक्क करायची. मग खुर्चीत मागं रेलून म्हणायची, "झालं. समद्यांचं एकदम!" एरवी तिचं बोलणं अगदी शुद्ध, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची ना. हे एवढं वाक्य मात्र थेट दौंडच्या रेल्वे कॉलनीतून यायचं.

त्या टक्कचा मला भयंकर राग यायचा. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस आलं असेल. ते वाईट नसतं, भांडत नाही, उलट आपल्याला मान देतं, आणि तरी ते दारात दिसलं की आपल्या पोटात दुखायला लागतं. माझ्या पोटात दर रविवारी साडेदहाला दुखायचं.

आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ शिरूरला बुद्धविहाराशेजारच्या खोलीत रविवारी भरायचं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतली स्थळं तिथं नोंदवली जायची आणि ती कार्डं अकरा वर्षं मी सांभाळली. आठवडाभर शाळेत मास्तर, रविवारी मंडळाचा सर. सहाशेच्या वर कार्डं, चार पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यांत लावलेली. नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख पेनानं. वय तेवढं पेन्सिलीनं. कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी खोडरबर घेऊन बसायचो आणि एकेकाचं वय एकानं वाढवायचो. चार दिवस लागायचे. आमचे अध्यक्ष आप्पा म्हणायचे, "सरांनी रबर हातात घेतला की दोन तालुक्यांतल्या आयांचा जीव खालीवर व्हतो." ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला एक कॉम्प्युटर मंडळाला मिळाला आणि त्याच्या मागोमाग ती आली. मामाकडं शिरूरला राहायची. तिच्या क्लासच्या मुलींनी दोन महिन्यांत माझे चारही डबे कॉम्प्युटरवर चढवले. जन्मतारखेचा रकाना गाळला, कारण मेळाव्याच्या पुस्तकात नुसतं वय छापायची पद्धत होती. आणि लोकांनी माझ्याकडं पाठ करून पडद्यासमोर गर्दी केली.

पहिल्याच महिन्यात तिनं गावाचं नाव एकसारखं केलं. कार्डांवर कुणी शिरूर लिहिलेलं, कुणी त्याचंच जुनं नाव घोडनदी. टक्क. सगळे शिरूरचे झाले. यादी वाचून आप्पा भडकले. "पोरी, माझा बाप घोडनदीचा, मी घोडनदीचा. शिरूर कोण हाय मला?" मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता हिचं विमान खाली येणार. पण ती हसली, "चुकलंच आप्पा," म्हणाली आणि त्यांच्या घरातल्या तिन्ही स्थळांपुढं पुन्हा घोडनदी लिहून दिलं. आप्पा इतके खूश झाले की त्यांनी तिला चहा मागवला. माझा चहा त्या रविवारी राहूनच गेला.

दुसऱ्या खेपेला तिनं मुलांच्या नोंदींत 'निर्व्यसनी' भरलं. सगळ्यांना एकदम.

"अहो मॅडम," मी म्हणालो, "यातले निदान चाळीस जण मला ठाऊक आहेत. संध्याकाळी कुठं सापडतात तेही ठाऊक आहे."

"सर, बायोडाटात सगळेच निर्व्यसनी असतात," ती म्हणाली आणि खोलीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. काय करणार?

एक मात्र कबूल करतो, मला शिकवायला तिनं कधी हात आखडता घेतला नाही. नोंद कशी उघडायची, आकडा कसा बदलायचा, खालच्या ओळीवर कसं जायचं, सगळं दाखवलं. मला एकेक नोंद बदलता यायला लागली. सगळ्यांचं एकदम कसं करायचं, ते मी विचारलं नाही. तिच्याकडं शिकायला बसायचं म्हणजे मला कसंसंच व्हायचं.

डिसेंबर आला. शेवटच्या आठवड्यात ती घरी काहीतरी काम आहे म्हणून दौंडला गेली. शाळेला सुट्टी होती. मी नेहमीप्रमाणं रबर घेऊन कार्डं केली, आणि मग माझं काय डोकं फिरलं कोण जाणे, कॉम्प्युटर उघडून त्यातली वयंही वाढवायला बसलो. एक आकडा, खाली. एक आकडा, खाली. तीन दिवस, सकाळी दहा ते पाच. बोटं आखडली, पण सहाशे सतरा नोंदी पुऱ्या केल्या. ती आली की सांगायचं होतं, बघा मॅडम, तुमच्यावाचून झालं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी खोली भरलेली होती. मी तोंड उघडायच्या आतच तिनं जाहीर केलं, "आज नवीन वर्ष. आपण सगळ्यांचं वय वाढवणार आहोत." माणसं खुर्च्या ओढून जवळ आली. आप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बघा सर, तुमची चार दिवसांची खोडाखोड. पोरगी आता चुटकीसरशी करती."

त्या थापेनं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं एक ओळ टाइप केली, हात उचलले, ओढणीला पुसले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सर, करू ना?"

मी म्हणालो, "करा."

टक्क. "झालं. समद्यांचं एकदम!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं यादी वर-खाली करून पाहिली, पण तिला ती माणसं कुठं माहीत होती? मला माहीत होती. पहिल्याच ओळीतली न्हावरे गावची मुलगी तेवीसची, ती चोवीसची झालेली मी बघत होतो. दोन दिवसांत सांगू, जरा हिची फजिती होऊ दे, असं मनाशी ठरवलं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तक छापायला गेलं.

फेब्रुवारीत दौंडला मेळावा भरला. दोन्ही तालुक्यांतून तीनेकशे माणसं आली. पुस्तकं वाटून अर्धा तास झाला नाही तोच मंडपात बोंब उठली. "माझी लेक तेवीसची हाय, हितं चोवीस कुणी लिवलं?" "आमचं पोरगं एका रात्रीत थोराड झालं व्हय?" इनामगावच्या एका विधुराचा भाऊ तेवढा पोट धरून हसत होता. त्याच्या मते दादांनी दोन वर्षं चोरली होती, आता निदान एक तरी परत आलं. बाकी सगळे आप्पांना घेरून उभे. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, आणि मला आनंद झाला होता. शब्द फिरवत नाही. आनंदच झाला होता.

ती स्टेजवर गेली. आप्पांच्या हातातला माईक घेतला. "ही माझी चूक आहे," ती म्हणाली. "मंडळाची नाही. सरांची तर नाहीच नाही, त्यांची कार्डं बरोबर आहेत. पुस्तक मी पुन्हा करून देते." एवढंच बोलून माईक ठेवला आणि खाली उतरली. मंडप हळूहळू शांत झाला.

मला वाटलं, आता ही सगळ्यांचं एकानं कमी करून मोकळी होईल. पण जानेवारीत नव्यानं आलेल्या चाळीस नोंदींची वयं बरोबर होती. एकदम कमी केलं तर त्या चुकल्या असत्या. आणि पुन्हा पुढच्या वर्षी हेच. तिनं वयाचा रकानाच काढला. "आता जन्मतारखा घालू, वय कॉम्प्युटर त्याचं तोच काढील. डबे घ्या सर," ती म्हणाली.

तिचा क्लास आणि माझी शाळा सुटली की पाच ते सात आम्ही बसायचो. मी कार्ड वाचायचो, ती टाइप करायची. एकेक. मला नुसती तारीख वाचून पुढं जाता येईना. हिच्या वडिलांचं हॉटेल आहे, हिनं दोनदा नकार दिलाय, हा मुलगा बोलताना अडखळतो पण सोन्यासारखा आहे, असं काहीबाही सांगत बसायचो. तिनं कधी घाई केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी विचारायची, "सर, त्या अडखळणाऱ्याचं पुढं काय झालं?" अकरा वर्षांत माझ्या कार्डांबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. मला ती आवडायला लागली होती, आणि त्याचाही मला त्रास व्हायचा.

एके दिवशी टाइप करता करता थांबली. "सर, मी एकदाच वाढवलं होतं. मग दोनदा कसं वाढलं असेल?"

माझ्या हातात कार्ड होतं. समोर कुणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं.

"मशीन आहे," मी म्हणालो. "झालं असेल काहीतरी."

तिनं मान डोलावली आणि पुढची तारीख मागितली.

तिसऱ्या डब्यात तिचं स्वतःचं कार्ड निघालं. दौंडच्या कुणा कार्यकर्त्यानं दोन वर्षांपूर्वी भरलेलं, म्हणून माझ्या लक्षात नव्हतं. कोपऱ्यात माझीच पेन्सिलची फुली होती. बोलणी सुरू असली की मी ती करायचो. नाताळात दौंडहून निरोप आला होता, तेव्हा नाव नीट न बघताच केली असणार. तारीख वाचली. एकोणतीस वर्षं होत होती.

"ती फुली खोडून टाका सर," ती पडद्याकडं बघतच म्हणाली.

"का?"

"नाताळात बघायला आले होते. रेल्वेतलाच मुलगा. सगळं ठरत आलं होतं. मेळाव्यात त्यांनी पुस्तक बघितलं. आम्ही एकोणतीस सांगितलेलं, त्यात तीस. वय लपवणाऱ्या घरात सोयरीक नको, म्हणाले."

"अहो, पण दाखला दाखवायचा! मी येतो तुमच्याबरोबर."

"वडील गेले होते दाखला घेऊन. एकदा मन फिरलं की फिरलं, सर." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "चूक माझीच. दुसऱ्या कुणी केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं."

मी खिशातून रबर काढला आणि ती फुली खोडली. चांगली घासून खोडली. कागद तिथं पातळ झाला.

सगळ्या तारखा भरून झाल्यावर तिनं पुस्तक छापून दिलं आणि पुढच्या महिन्यात रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला लागली. रविवारी यायची बंद झाली. पुढं एकदा सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर दिसली, कंपनीच्या बसच्या रांगेत. मी रस्ता ओलांडून गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो.

"जय भीम सर! मंडळ कसं चाललंय?"

"जय भीम. चाललंय," मी म्हणालो. "तुमचं?"

"चाललंय की," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. नंतर ऐकलं की कंपनीनं तिला गुजरातेत पाठवलं. लग्नाचं कुणाला नक्की माहीत नाही. मी विचारत नाही.

आता डिसेंबरात मला काही काम नसतं. वयं आपोआप वाढतात. नव्या माणसांना वाटतं कॉम्प्युटरवर हे सगळं मीच बसवलं, आणि मी ते खोडून काढत नाही. तिच्या बोटांचा हेवा कधीच संपला; ते कसब मलाही शिकता आलं असतं. तीनशे माणसांपुढं 'माझी चूक आहे' म्हणून मोकळी झाली ना ती, तीही स्वतःची नसलेली चूक, तो हेवा काही जात नाही. दर वर्षी मेळाव्याला माईक माझ्याच हातात असतो. गाड्या कुठं लावायच्या ते सांगतो, जेवणाची वेळ सांगतो, घसा खाकरतो. माणसं बघत राहतात, सरांना अजून काहीतरी सांगायचंय म्हणून. मग मी जेवणाची वेळ पुन्हा एकदा सांगतो आणि माईक खाली ठेवतो.