वाटीखालचा आकडा

रिपोर्ट समोर आला की ते वाटीतले उरलेले फुटाणे तोंडात टाकत, वाटी रुमालाने पुसत आणि पहिल्या पानावरच्या त्या ठळक तीन अंकांवर ती पालथी घालत. म्हणत, "आकडा झाकला. आता ओळी वाचू." आलेला माणूस कितीही मोठ्या पदावरचा असो, शेवटचे पान वाचून होईपर्यंत वाटी हलत नसे, आणि ती उचलण्याचा हक्क फक्त त्यांचा असे.

कोटरा सुलतानाबाद या आमच्या वस्तीत ते आमच्या समोरच्या घरात राहत. मूळचे ग्वाल्हेरचे, एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात हयात घालवून निवृत्त झालेले. कोणाचे कर्ज नाकारले गेले की तो माणूस आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा सारा हिशेब, छापून त्यांच्या व्हरांड्यात येई. फी ते घेत नसत. फुटाणे मात्र येणाऱ्याने आणावेत अशी त्यांची अपेक्षा असे, आणि ती लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे.

असा रिपोर्ट आपल्यापैकी ज्यांनी हाती घेतला असेल, त्यांना ठाऊक आहे की डोळा प्रथम स्कोअरवरच जातो, आणि तो खाली असला की पुढचे काहीच दिसत नाही. ते म्हणत, "आकडा म्हणजे परक्याने तुमच्याबद्दल केलेला कयास. तुम्ही काय केलंत, ते ओळी सांगतात."

एका दुकानातला मुनीम एकदा कपाळाला हात लावून त्यांच्यापुढे बसला होता. दर महिन्याला हप्ता भरूनही स्कोअर घसरत होता. त्यांनी लाकडी पट्टी एकेका महिन्यावरून सरकवली आणि विचारले, पगार कधी होतो? सात तारखेला. हप्ता कधीचा? पाचचा. "मग भैया, तारीख बदलून घ्या. कुंडली कशाला दाखवत फिरता?"

मला ते 'वकीलसाहेब' म्हणत. मी वकील नव्हतो. सरकारच्या विधी शाखेत मसुदे तपासण्यात माझी नोकरी संपली, आणि त्यानंतर अन्याय दिसला की पत्र लिहिणे हे मी माझे कर्तव्य मानले. टपाल कचेरीतली माणसे मला पाहून स्पीड पोस्टच्या पावत्या आधीच काढून ठेवत. माझ्या कलमांची ते थट्टा करत, पण प्रत्येक पत्राची प्रत आवर्जून मागून वाचत.

तीन वर्षांपूर्वी माझी लेक संसार मोडून आमच्याकडे परत आली. शाळेत शिकवते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवधपुरीत, तिने एक छोटा फ्लॅट पाहिला आणि साठवलेले सारे पैसे बयाणा म्हणून दिले. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झाले नाही तर बयाणा बुडणार, असे करारात स्पष्ट लिहिले होते. बँकेला भरवसा वाटावा म्हणून सहअर्जदार म्हणून मी सही केली. बँकेने अर्ज नाकारला. कारण तिचे नव्हते. कारण माझा स्कोअर होता.

ज्याने आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही, त्याने हे का सहन करावे? मी बारा दिवसांत आणखी पाच बँकांत अर्ज केले. कर्ज मिळेल या आशेने नव्हे. पाचही ठिकाणांहून लेखी नकार मिळवून ते तक्रारीला पुरावा म्हणून जोडायचे, असे मी ठरवले होते. नकार मिळाले. चौदा पानांची तक्रार तयार झाली. ती, रिपोर्ट आणि फुटाण्यांची पुडी घेऊन मी समोरच्या घरी गेलो.

त्यांनी आकडा झाकला आणि पट्टी खाली सरकवू लागले. दुसऱ्या पानावर ती थांबली.

"वकीलसाहेब, मोटरसायकल कुठे लपवलीत?"

मी सायकलखेरीज काहीही चालवलेले नाही. पण तिथे एका फायनान्स कंपनीचे दुचाकीचे कर्ज होते आणि त्याचे आठ हप्ते थकलेले होते. नाव माझे, जन्मतारीख माझी, पत्ता गोविंदपुऱ्यातला, जिथे मी एक दिवसही राहिलेलो नाही. मी टेबलावर मूठ आपटली. वाटी खणखणली, तिच्यावर हात ठेवून ते शांतपणे म्हणाले की ओळ खोटी आहे आणि ती निघेल. मग पट्टी शेवटच्या पानावर गेली. तिथे बँकांनी केलेल्या चौकश्या होत्या.

"आणि ह्या पाच?"

"तो पुरावा आहे," मी म्हणालो.

"बँकेला पुरावा नाही दिसत. बारा दिवसांत पाच दारं ठोठावणारा माणूस दिसतो, आणि तो पाहून आकडा आणखी खाली येतो. मोटरसायकल त्या दुसऱ्याची. ह्या पाच ओळी तुमच्या."

माझ्या चौदा पानांतून त्यांनी चार ओळी काढल्या: कोणते खाते, ते माझे का नाही, जोडलेला कागद कोणता, रिपोर्टाचा क्रमांक काय. दुरुस्तीला महिना लागणार होता. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते.

"लेकीच्या अर्जातून तुमचं नाव काढा आणि तो फेरविचाराला पाठवा," ते म्हणाले.

मी तिचा बाप आहे, असे मी आवाज चढवून सांगितले.

"तेच तर. लढाई तुमची, घर तिचं. दोन्ही एका कागदावर नको." मग पट्टीशी चाळा करत ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिचा रिपोर्ट पाहिलाय मी. साफ आहे. परतफेडीची वर्षं वाढवली तर तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतं. रविवारी आली होती, फुटाणे घेऊन. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती तिची."

तीन दिवस मी कोणालाही पत्र लिहिले नाही. चौथ्या दिवशी बँकेला लिहिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे पत्र: मी माझे नाव मागे घेत आहे. मुदतीला दोन दिवस असताना तिचे कर्ज मंजूर झाले. वास्तुशांतीला ते आले, दारावरची तिच्या एकटीच्या नावाची पाटी त्यांनी चष्मा पुसून वाचली आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले की अक्षर ठसठशीत आहे.

त्या फायनान्स कंपनीने दुरुस्तीला किती चालढकल केली, त्याची फाइल माझ्याकडे आहे आणि ती मी अद्याप बंद केलेली नाही. मात्र प्रत्येक पत्र चारच ओळींचे आहे. दुरुस्त झालेला रिपोर्ट हाती आला तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारचे जेवून व्हरांड्यातल्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला, तो उघडलाच नाही.

तरीही मी रिपोर्ट छापला, वाटेत फुटाणे घेतले आणि समोरच्या घरी गेलो. वहिनींनी काही न विचारता वाटी आणून टेबलावर ठेवली. पहिल्या पानाकडे न पाहता मी ती पालथी घातली आणि ओळी वाचत गेलो. मोटरसायकल गेली होती. शेवटच्या पानावरच्या पाच ओळी जागच्या जागी होत्या. त्यांच्याविरुद्ध मी कोठेही तक्रार केलेली नाही.

वाटी उचलणे हे त्यांचे काम होते. रिपोर्ट तसाच तिच्याखाली ठेवून मी उठलो.