ओल्या कागदावरचं वांगं

अमेरिकेत, आमच्या क्युपर्टिनोच्या लायब्ररीत जपानी लाकडी ठशांनी चित्रं छापायचा क्लास निघाला. लेक म्हणाली, "आई, तू बोर होशील बघ." म्हटलं, "घरी तरी कुठे नाटक चाललंय?" आम्ही दोघीही गेलो.

चार शनिवार मी तीन फळ्या कोरल्या. एकीवर वांग्याची काळी रेघ, दुसरी जांभळ्या रंगासाठी, तिसरी हिरव्या देठासाठी. शिकवणारी जपानी बाई माझ्याच वयाची. तिने सांगितलं, ज्याचा रंग रेघेच्या आत बसेल त्याचाच छाप लायब्ररीच्या भिंतीवर लागेल. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत माझं काहीच कधी भिंतीवर लागलं नव्हतं. मला ती भिंत हवीच होती.

पाचव्या शनिवारी छापायला बसलो. कागद ओलसर लागतो. सहा कागदांवर काळी रेघ झकास उमटली. पण ओलं काही दिसलं की माझे हात गप्प बसत नाहीत. मी चार कागद खिडकीतल्या उन्हात पसरले, पापडांसारखे. जागा संपली म्हणून दोन ओल्या फडक्यात राहिले.

बाई ओरडलीच. लेक म्हणाली, "अगं आई, कागद वाळला की आकसतो! आता रंग रेघेच्या बाहेर जाणार. हे काय वाळवण आहे?"

"मग आधी सांगायचं."

"तिने सांगितलं, मीही सांगितलं. तू तिच्या चाकूकडे बघत बसलीस."

खरं होतं. चाकू फार सुंदर होता.

ते चार फुकट गेले. पाचव्यावर मी रंगात तांदळाची खळ जास्त घातली, वांगं डागाळलं. उरला एक.

फळीला रंग लावला, तिच्या खाचेत कागदाचा कोपरा टेकवला आणि कागद हलकेच सोडला. बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून घासलं, करपलेलं पातेलं घासावं तसं. आधी जांभळा, मग हिरवा. कागद उचलला. रंग रेघेच्या आत, केसभरही बाहेर नाही! मी अशी किंचाळले की शेजारच्याचा ब्रश पडला. बाईने माझे दोन्ही हात धरून हलवले.

ती वांगं भिंतीवर लावायला लागली तशी मी लेकीला म्हटलं, "तिला सांग, एवढ्या खाली नको. डोळ्यांसमोर लाव."

"आई, तुझे डोळे तिथेच येतात."

"माझे नाही गं. लोकांचे."