दुपारच्या सभेतला पियानो

"खरखर आयकू नोको. खरखरीच्या मांगं काय चाललं ते आयक."

रेकॉर्डवर सुई ठेवताना भाऊ हे दर वेळी म्हणायचे. म्हणता म्हणता डाव्या हाताचं बोट वर करून समोरच्याला गप्प करायचे, समोरचा मुळात बोलत नसला तरी. समोरचा म्हणजे बहुतेक मीच असायचो.

वऱ्हाडातल्या एका रेडिओ केंद्रावर आम्ही दोघं नोकरीला होतो. कुठलं केंद्र ते विचारू नका, जुन्या लोकांना कळायचं ते कळेल. भाऊ उद्घोषक, आणि मी काचेच्या अलीकडे बसून बटणं आणि कळा सांभाळणारा. तुमच्यापैकी कोणी रेडिओत काम केलं असेल तर त्याला ठाऊक असेल, माइकपुढचा माणूस आणि चहाच्या टपरीवरचा माणूस एक नसतो. भाऊ मूळचे अकोल्याचे. माइक चालू असला की त्यांची मराठी कडक इस्त्रीची. लाल दिवा विझला रे विझला की "काहून बे, चहा सांगतला का नाई?" दिवा जरा उशिरा विझला असता तर साऱ्या जिल्ह्यानं ते ऐकलं असतं. दोन-तीनदा ऐकलंही आहे.

आमच्या रेकॉर्डच्या खोलीत खालच्या फळीवर एक गठ्ठा होता. कुठल्याशा परदेशी वकिलातीनं कधीकाळी भेट दिलेला. त्यावर कोणीतरी 'पाश्चात्य, किरकोळ' अशी चिठ्ठी डकवून ठेवली होती, आणि त्या गठ्ठ्याला आमच्यातलं कोणी हात लावत नसे. भाऊंनी लावला. त्यात एका जगभर नावाजलेल्या पियानोवादकाची रेकॉर्ड निघाली. आमच्या बापांच्याही जन्माआधी वाजवलेलं, तबकडीवरून तबकडीवर उतरवत आलेलं, कव्हर फाटकं, सुरांपेक्षा खरखर जास्त. भाऊ त्याला नावानं कधी हाक मारत नसत. ते त्याला 'बुढा' म्हणत.

मला सांगायला लाज नाही, सुरुवातीला मला तो बुढा बिलकूल आवडला नाही. मी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेला माणूस. ढोलकी नाही, शब्द नाहीत, एक माणूस नुसता पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दाबतोय. शिवाय त्याचे दोन्ही हात बरोबर पडत नसत. डावा आधी पोचायचा, उजवा मागून यायचा. मी भाऊंना म्हटलं, "याचा ताल कच्चा दिसतो."

भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या आईला बोललो. "ताल कच्चा नाई, लेका. कोनाच्या घरी मयत असली का आपन दारात जाऊन लगेच बोलतो का? आधी बसतो. मंग बोलतो. बुढ्याचा डावा हात आधी बसते."

एक संथ चाल होती त्या रेकॉर्डमध्ये. तीच ओळ तो तीनदा वाजवायचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा जरा जोरात, कोणी विरोध केल्यासारखी. तिसरी वेळ आली की भाऊंचा हात माझ्या मनगटावर यायचा. "आता पाह्य. तेच सूर हायेत. पन आता त्याले सांगाचं नाई, अन सांगा तर लागते." आणि खरोखर, बुढा त्या ओळीच्या शेवटच्या सुराआधी थांबायचा. एवढा थांबायचा की वाटायचं, आता हा उठून गेला. मग तो सूर यायचा, अगदी हळू, खरखरीच्याही खाली. भाऊंचे डोळे भरून यायचे आणि ते तसे भरू द्यायचे. अशा वेळी कुठं बघायचं ते मला कळत नसे. पुढं पुढं मीही तिसऱ्या वेळेची वाट पाहू लागलो, पण ते मी त्यांना कबूल केलं नाही.

हे थांबणं भाऊंनी बुढ्याकडून उचललं होतं आणि ते चक्क बाजारभावात वापरायचे. कापसाचा भाव उतरला असला की आकड्याआधी थांबायचे. चांदूर रेल्वे या गावाहून एका श्रोत्याचं कार्ड आलं होतं, की उद्घोषकसाहेबांनी भाव सांगताना थांबू नये, आमच्या पोटात गोळा येतो. भाऊंनी ते कार्ड साऱ्यांना वाचून दाखवलं. मोठं बक्षीस मिळाल्यासारखे ते खूश होते. त्यांच्या आवाजाला मागणीही होती. कपाशीवर फवारायच्या औषधाची एक जाहिरात त्यांच्याच आवाजात होती. शेतीच्या कार्यक्रमाआधी एकदा आणि नंतर एकदा, रोज लागायची.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. आधी आधी बातमी पहिल्या पानावर यायची, फोटोसकट. मग आतल्या पानावर गेली. मग लग्नाच्या आणि हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी दोन ओळींत येऊ लागली. नाव, गाव, फवारणीचं औषध प्राशन केलं, पश्चात एवढे एवढे. भाऊ ड्यूटी रूममध्ये रोज सकाळी त्या दोन ओळी शोधून वाचायचे. मनात नाही, मोठ्यानं. चहाची चव जायची आमची. एकदा मी म्हणालो, "भाऊ, सकाळी सकाळी कशाला?" ते म्हणाले, "मंग कवा? दुपारी तर मले तेच औषध इकाचं असते."

अशाच एका सकाळी त्यांनी वाचलं. भातकुली तालुक्यातला शेतकरी, गजानन तुळशीराम. वाचून पेपर घडी केला आणि म्हणाले, "मोठा मानूस गेला का आपन दिवसभर सारंगी लावतो. बाकीच्यायचं काय?"

दुपारच्या सभेत, म्हणजे दुपारच्या प्रसारणात, शेतीतज्ज्ञांचं भाषण ठरल्या वेळेआधीच संपलं. अशी मोकळी जागा राहिली की तिथं काहीतरी वाजवायचं असतं, आम्ही त्याला फिलर म्हणायचो. नेहमी एखादी खेळकर बासरी लागायची. त्या दिवशी काचेपलीकडून भाऊंनी बुढ्याची रेकॉर्ड वर करून मला दाखवली आणि मी काही म्हणायच्या आत सुई ठेवली. भरून काढायची जागा छोटी होती, चाल लांब. बाजारभाव मागं पडले, जाहिरात हुकली, आणि सगळ्या वऱ्हाडात तो संथ, खरखरणारा पियानो पसरला.

आता पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ठरलेले कार्यक्रम सोडून रेडिओवर रडकं वाजायला लागलं की आपल्याकडं माणूस एकच अर्थ काढतो. अकोल्याच्या बाजारात काही दुकानदारांनी शटर अर्धं खाली ओढलं. एका गावात शाळेनं पोरांना घरी सोडून दिलं. कोणा एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर कार्यकर्ते हार घेऊन पोचले आणि पुढारी बनियनवर दार उघडायला आला, असंही नंतर कानावर आलं. आमच्या केंद्राचा फोन तर खाली ठेवायची सोय नव्हती.

"हॅलो, कोन गेलं साहेब?"

भाऊ स्वतः फोनवर बसले होते. "गजानन तुळशीराम गेले."

"कोन गजानन? आमदार होते का?"

"नाई. कास्तकार होते."

"कास्तकार? मंग रेडिओवर काहून?"

"काहून म्हंजे? गेले ना."

प्रत्येकाला हेच उत्तर. कोणी शिव्या दिल्या, कोणी "काय मस्करी लावली" म्हणून फोन आपटला. एकजण मात्र "बरं," म्हणाला आणि हळूच ठेवला. त्या एकाबद्दल भाऊ बरेच दिवस बोलत होते.

केंद्राच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते, बाहेरून बदलून आलेले, घाबरट. दुखवटा जाहीर करायचा अधिकार केंद्राला नाही, म्हणाले. भाऊ म्हणाले, "दुखवटा कुठं जाहीर केला? मी बाजा लावला." ताकीद मिळाली आणि बुढ्याची रेकॉर्ड साहेबांच्या कपाटात कुलपात गेली. भाऊंकडं कॅसेटवर उतरवलेली एक प्रत होती, त्यामुळं त्यांना फारसं काही वाटलं नाही. उलट स्वारी खुशीत होती. बुढ्यानं एक दुपार सगळं वऱ्हाड थांबवलं, याचा त्यांना अभिमान होता.

मग तुळशीराम आले. मेलेल्या पोराचा बाप. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांना काय हवंय ते फाटकावर कोणालाच नीट कळेना, शेवटी त्यांना ड्यूटी रूममध्ये आणून बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"माह्या पोराच्या नावानं रेडिओत काही लावलं म्हन्तेत. आमच्या रेडिओचे सेल सरले होते. आमाले आयकू आलं नाई. म्हनून आलो."

भाऊंनी स्वतः कॅसेट लावली. खरखर ऐकू नका, असं त्यांना मात्र म्हणाले नाहीत. तुळशीराम मान खाली घालून ऐकत होते. पहिली वेळ, दुसरी वेळ. तिसऱ्या वेळेला मी भाऊंकडं पाहिलं. भाऊ त्या बापाच्या चेहऱ्याकडं पाहत होते, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बुढ्याकडं लक्ष नव्हतं.

चाल संपली. तुळशीरामांनी मान वर केली.

"झालं का?"

"झालं, बाबा."

"याच्यात माह्या पोराचं नाव कुठं आलं?"

भाऊ समजावायला लागले. "बाबा, हा बाजा हाय. याच्यात नाव नसते. याच्यात दुःख असते."

"दुःख आमच्या घरी लय हाय, साहेब," तुळशीराम म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मले नाव आयकाचं होतं. तुमचा आवाज मी ओयखला, दारात आल्या आल्या. औषधाचं नाव तर तुमी रोज घेता."

भाऊंनी टेबलावरचा स्वतःचा ट्रान्झिस्टर उघडला, आतले सेल काढले आणि तुळशीरामांच्या हातात दिले. "उद्या दुपारी लावा," एवढंच म्हणाले. तुळशीरामांनी सेल पिशवीत टाकले आणि भातकुलीची बस किती वाजता आहे ते मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाजारभावाची वेळ झाली. लाल दिवा लागला. भाऊंनी भावाचा कागद उलटा करून ठेवला आणि मोठ्या माणसांसाठी जो आवाज राखून ठेवलेला असतो, त्या आवाजात म्हणाले, "सांगण्यास अत्यंत दुःख होत आहे, की भातकुली तालुक्यातील शेतकरी..." आणि थांबले. बुढ्यासारखे थांबले. माझा हात प्रसारण तोडायच्या कळीवर होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "श्री. गजानन तुळशीराम," आडनावासकट, गावासकट, "यांचं निधन झालं आहे." आणि कॅसेट लावली. मी कळ खाली ओढली नाही. बुढा शेवटपर्यंत वाजला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मला ताकीद मिळाली, भाऊंची बदली झाली. फार लांब, जिथं त्यांची मराठी कोणाला कळत नव्हती अशा ठिकाणी. तिथं ते रेकॉर्ड मोजायचं काम करायचे आणि तिथंच एका उन्हाळ्यात गेले. आमच्या केंद्रावर त्यांचं नाव घेतलं गेलं नाही, नियमात बसत नव्हतं. तुळशीराम पुन्हा आले नाहीत. त्यांनी त्या दुपारी रेडिओ लावला की नाही, त्यांच्या कानावर ते नाव गेलं की नाही, हे भाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही नाही. याचा मला अजून त्रास होतो.

पण भाऊ मला आठवतात ते त्याच दुपारचे. सभा संपल्यावर ते ड्यूटी रूममध्ये येऊन फोनजवळ बसले. चहा आला, तसाच राहिला, त्यावर साय धरली. मीही बसलो. बाहेर रस्त्यावर ऑटो चालले होते, समोरच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, सगळं रोजच्यासारखं. फोन वाजला नाही. एकदाही नाही.

बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाले, "फोन बिघडला का पाह्य बरं."

मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाशी धरला. टोन नीट येत होता. भाऊंनी तो जरा वेळ ऐकला आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

"चालू हाय," ते म्हणाले. "कोन गेलं ते कयलं लोकायले. आता कोन इचारते?"